बावीस अल्पवयीन

सतरा एप्रिलला सासूबाई गुडघा बदलून घ्यायला बर्नाऊलला गेल्या आणि जाता जाता माझ्या खिडकीत टोमॅटोची बावीस रोपं ठेवून गेल्या. ठेवून गेल्या म्हणजे ठेवली मी. त्या नुसती कुबडीने जागा दाखवत होत्या. दुधाचे कापलेले बावीस खोके आणि त्या प्रत्येकात करंगळीएवढं एक रोप.

"कापितोलिना येगोरोव्ना, हे शेवटचं जरा उजेडाकडे सरकवू का?"

"तू काही सरकवू नकोस. मी सांगेन ते सरकव. पाणी खालून द्यायचं, पानांवर थेंब नको. दर तीन दिवसांनी खोके अर्धे फिरवायचे, नाहीतर माना वाकड्या होतात. आणि कुणाला दाखवायची नाहीत. नजर लागते."

"बरं."

"बरं काय? ही तिखोनची आहेत."

तिखोन साव्हेलिच म्हणजे माझे सासरे. चौदा उन्हाळे खपून त्यांनी हा टोमॅटो तयार केला होता. त्यांच्या माघारी सासूबाई दरवर्षी त्याचं बी धरत. या हिवाळ्यात बियांच्या डब्यात उंदीर शिरले. उरलंसुरलं होतं ते सगळं सासूबाईंनी पेरलं आणि त्यातून ही बावीस उगवली. दुसरीकडे कुठेही, कुणाकडेही याचं एक बीसुद्धा नव्हतं.

"ही गेली की तिखोन गेला," सासूबाई म्हणाल्या. सासरे सहा वर्षांपूर्वीच गेले होते, हे मी मनातल्या मनातच म्हणालो.

या टोमॅटोबद्दल एक गोष्ट मात्र मला कुणीच सांगितली नाही. त्या घरात ती इतकी उघड होती, की सांगायची असते हेच कुणाच्या लक्षात आलं नसावं. ती मला यथावकाश कळली, पण तो अवकाश फारच मोठा झाला.

माझी बायको उल्याना तेव्हा उत्तरेकडच्या तेलविहिरींवर दोन महिन्यांच्या पाळीवर होती. आठवड्यातून एकदा फोन लागायचा, तोही खरखरत. ती म्हणाली, "आई सांगेल तसं कर आणि स्वतःचं डोकं वापरू नकोस." या सगळ्या प्रकरणात मला मिळालेला हा एकमेव अचूक सल्ला, आणि मी नेमका तोच मानला नाही.

मी वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात आहे. किराण्याच्या दुकानातला तराजू पाच ग्रॅम खोटं बोलला की मी त्याला सील ठोकतो. साहजिकच पहिल्याच दिवशी मी पट्टी घेऊन बसलो आणि वहीत नोंद केली: सरासरी उंची सहा सेंटिमीटर. आठवड्याने सात. दोन आठवड्यांनी साडेसात. तिसऱ्या आठवड्यातही साडेसात. मी पट्टी बदलून पाहिली. कार्यालयातली प्रमाणित पट्टीसुद्धा आणली. साडेसात.

त्याच आठवड्यात समोरच्या घरातल्या रोझा आपा चाळणी मागायला आल्या. आमच्या मजल्यावर कुणीही चाळणीसाठी म्हणून चाळणी मागत नाही. त्या थेट खिडकीपाशी गेल्या.

"हे काय रे, ग्लेब?"

"टोमॅटो."

"हे?" त्यांनी चष्मा पुसला. "किती दिवसांची?"

"सात आठवडे."

"अल्ला! बाळा, सात आठवड्यांची माझी रोपं पडद्याची दांडी शोधताहेत. आणि ही पानं बघ. काळपट, सुरकुतलेली. ही म्हातारी होऊनच जन्मली आहेत."

मी त्यांच्याकडे जाऊन पाहून आलो. त्यांच्या खिडकीत रोपांचं जंगल उभं होतं. पोपटी, सडपातळ, प्रत्येकाला काडीचा आधार दिलेला. रांगेत मागे राहिलेल्या माणसांनी माना उंचावून पुढे बघावं तशी ती सगळी काचेतून बाहेर बघत होती. परत येऊन मी माझ्या बाविसांकडे पाहिलं आणि तसाच वळून उपाय विचारायला पुन्हा त्यांच्याकडे गेलो.

मग उपचार सुरू झाले. रोझा आपांनी सांगितलं, यीस्ट दे. दिलं, घरात आठवडाभर बेकरीचा वास. तळमजल्यावरच्या निवृत्त पशुवैद्याने सांगितलं, आयोडीन दे. दिलं. रोझा आपा म्हणाल्या, आयोडीन कशाला दिलंस, आता राख दे, म्हणजे आयोडीन मारलं जाईल. राख दिली. पशुवैद्य म्हणाला, रोपांशी बोलत जा. मी रोज सकाळी दहा मिनिटं बोलू लागलो. सुरुवातीला हवामान वगैरे. पुढे पुढे मी नुसता विनवण्या करत असे.

रोपं आठ सेंटिमीटर झाली.

दर रविवारी बर्नाऊलहून सासूबाईंचा फोन यायचा. स्वतःच्या गुडघ्याबद्दल त्या अवाक्षर काढत नसत.

"तिखोनची कशी आहेत?"

"छान आहेत."

"किती झाली?"

इथे मी घसरलो. दवाखान्यात पडलेल्या बाईला, टाके ओले असताना, आठ कसं सांगणार? माणुसकी म्हणून काही असतंच.

"अठरा," मी म्हणालो.

मग बारीक आवाजात, "अठरा? आताच?"

मला वाटलं, आनंदाने आवाज बसला. पुढच्या रविवारी मी सढळ हाताने एकतीस दिले. फोनवर एक दीर्घ श्वास ऐकू आला आणि मग परिचारिकेचा आवाज: "अहो, तुम्ही यांना काय सांगता दर रविवारी? यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र वाजायला लागतं!"

"चांगली बातमी," मी अभिमानाने सांगितलं.

आणि मग मे महिन्याच्या मध्यावर घरं गरम ठेवणारं शहराचं हीटिंग बंद झालं. नियम असा, की सलग पाच दिवस सरासरी तापमान आठ अंशांच्या वर राहिलं की सगळ्या घरांतल्या गरम पाण्याच्या नळ्या थंड करायच्या. पाच दिवस राहिलं. सहाव्या दिवशी हिमवर्षाव झाला. पण नियम पहिल्या पाच दिवसांचा होता, सहाव्याचा नव्हता.

घरात अकरा अंश. मी रजई रोपांवर घातली, स्वतः ओव्हरकोट घालून जेवलो आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गृहव्यवस्थापन कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज सरकवला.

"सातवा रकाना भरा. घरातले अल्पवयीन, वृद्ध किंवा आजारी. आकडा नसेल तर अर्ज पुढे जात नाही."

"माझ्याकडे रोपं आहेत."

"किती?"

"बावीस."

"वय?"

"आठ आठवडे."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग आठ आठवडे म्हणजे अल्पवयीनच की. लिहा बावीस. मागे रांग आहे."

मी लिहिलं. सरकारी बाईच सांगते म्हटल्यावर, सरकारी माणसाने शंका काढणं बरं दिसत नाही.

हीटिंग काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी दारात एक उंच बाई उभी होती, बगलेत फाईल, चेहरा असा की मी न विचारताच बूट काढले, माझ्याच घरात. बालकल्याण विभागाच्या निरीक्षक, नोन्ना विस्सारिओनोव्ना. त्यांनी माझी एकुलती एक खोली पाहिली. एकुलता एक पलंग पाहिला.

"बावीस मुलं झोपतात कुठे?"

"खिडकीत," मी म्हणालो. त्या कोण, कशासाठी आल्या, हे अजून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाटलं, हीटिंगवाल्यांनी पाठवल्या.

"खिडकीत!"

"दिवसा खिडकीत. गारठा वाढला की माझ्या पलंगावर, रजईखाली."

"आणि तुम्ही?"

"मी खुर्चीत."

"खायला काय देता?"

"पाणी. खालून. पंधरा दिवसांनी राख."

लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. मी पडदा सारला. नोन्ना विस्सारिओनोव्ना बराच वेळ बाविसांकडे बघत राहिल्या. आता मला दंड होणार की वेड्यांच्या इस्पितळाची गाडी येणार, एवढाच प्रश्न होता. पण त्या वाकल्या, बोटाने एक पान उलटं केलं आणि वेगळ्याच, घरगुती आवाजात म्हणाल्या, "अगंबाई. यांना काय झालंय?"

"वाढत नाहीत."

"माझी याच वयाची इथवर आलीत," त्यांनी छातीवर हात ठेवला. मग पुन्हा सरकारी झाल्या. "भेट झाली म्हणजे अहवाल द्यावाच लागतो. अर्ज तुमचा, आकडा तुमचा."

त्यांनी अहवाल लिहिला आणि त्याची शिक्क्यासह प्रत मला दिली. ती अजून माझ्याकडे आहे. 'अल्पवयीन: बावीस. वागणूक: शांत. स्वच्छता: समाधानकारक. शारीरिक वाढ: वयाच्या मानाने खुंटलेली. पालक प्रयत्नशील, परंतु असमर्थ.'

परंतु असमर्थ! शिक्क्यासह! मी लोकांच्या तराजूंना नापास करतो. मला आजवर कुणी केलं नव्हतं.

त्या रविवारी खचून जाऊन मी सासूबाईंना पंचावन्न सांगितले.

"फोटो पाठव," त्या म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता.

फोटो मी रोझा आपांच्या खिडकीत काढला. धीर यावा म्हणून जरा जवळून काढला आणि त्यात अर्धा माझा अंगठा आला, तरी रोपांची उंची स्पष्ट दिसत होती. तासाभरात उत्तर आलं: "डॉक्टरला सांगितलंय. एक आठवडा आधी निघते. दोन जूनला सकाळी पोचते."

आता फोटोतली रोपं फोटोत, माझी माझ्या खिडकीत, आणि सासूबाई गाडीत. शेवटी तीस मेला मी रोझा आपांचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. म्हणजे सासूबाईंचं सांगितलं, सेंटिमीटरचं नाही सांगितलं.

"एवढंच ना?" रोझा आपा म्हणाल्या. "मी साठ रोपं केलीत. घे त्यातली बावीस. तिला काय कळणार आहे, टोमॅटो तो टोमॅटो."

"आणि माझी?"

"दे इकडे. रोप फेकायला माझा हात होत नाही. उद्या दाचावर, शहराबाहेरच्या बागेत, चाललेच आहे, लावीन कुठेतरी कुंपणाकडेला. जगतील तितके दिवस जगतील बिचारी."

खोके देताना मला चक्क हलकं वाटलं. माणूस किती नीच असतो, हे मला त्या हलकेपणावरून कळलं, पण ते नंतर.

दोन जूनला सासूबाई आल्या. दोन कुबड्या, चार मजले, जिना, लिफ्ट नाही. कोटसुद्धा न काढता त्या खिडकीपाशी गेल्या. बावीस पोपटी काठ्या काचेला टेकून उभ्या होत्या. सासूबाईंनी एक पान चिमटीत धरलं.

"ही कुणाची?"

"तिखोन साव्हेलिचची."

"ग्लेब."

"हं?"

"ही कुणाची?"

मी पलंगावर बसलो आणि ओकलो सगळं. साडेसात, आठ, यीस्ट, आयोडीन, अहवाल, अंगठा. "ती वाढलीच नाहीत हो! दहा आठवड्यांत दहाच्या पुढे गेली नाहीत. पानं काळी, सुरकुतलेली, खोड आखूड, जाड. मी सगळं केलं. अठराही खोटे, एकतीसही खोटे, पंचावन्नही—"

"दहा?" सासूबाई म्हणाल्या.

"दहा."

"जाड खोड? सुरकुतलेली पानं?"

"हो. मला माफ करा."

त्या खुर्चीवर बसल्या, कुबड्या बाजूला पडल्या, आणि त्या रडायला लागल्या. मग माझ्या लक्षात आलं की हसताहेत. मग पुन्हा रडायला लागल्या.

"अरे गाढवा! ती तशीच असतात! ती बुटकीच असतात! आमच्या जमिनीवर जूनमध्ये दहिवर गोठतं, ऑगस्टमध्ये पुन्हा गोठतं. तिखोनला बादलीखाली मावणारा टोमॅटो हवा होता! गारठा आला की एकेका झाडावर एकेक बादली उपडी घालायची आणि निवांत झोपायचं. चौदा वर्षं तो काय करत होता? जे झाड बादलीला टेकलं ते उपटत होता! आणि तू मला तिकडे सांगतोस अठरा! एकतीस! मी पडल्या पडल्या म्हणतेय, गेला, तिखोनचा टोमॅटो पंचावन्नवर गेला, बी बिघडलं, संपलं सगळं!"

माझ्या प्रत्येक खोट्या सेंटिमीटरने त्यांना दवाखान्यात एकेक पायरी खाली ढकललं होतं. आणि खरा आकडा सांगितला असता, तर त्या पहिल्याच रविवारी गाढ झोपल्या असत्या. माझ्यातल्या वजन-मापांच्या माणसाने मान खाली घातली.

"बरं, आता कुठे आहेत?" सासूबाईंनी डोळे पुसले.

मी सांगितलं.

त्या उठल्या. मी म्हणालो, उद्या मी एकटा जाऊन आणतो. त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत पांढरं पडलं होतं. बसमध्ये सगळे बागवाले, मांडीवर खोकी, आणि कुणी अक्षर बोलत नव्हतं. मयताला निघालेल्या बसमध्येसुद्धा लोक याहून जास्त बोलतात. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "उणे तीन." सासूबाईंनी कुबड्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या. शेवटच्या थांब्यापासून एक किलोमीटर चिखल. त्या पुढे, मी मागे.

रोझा आपा पायरीवर बसल्या होत्या. समोरच्या वाफ्यात काळं, लिबलिबीत काहीतरी आडवं पडलं होतं; उकडून फेकलेल्या पाल्यासारखं. त्यांची अडतीस उंच रोपं. यंदा बर्फाच्या ओझ्याने काचघर बसलं म्हणून त्यांनी ती उघड्यावर लावली होती.

"चादर घातली," रोझा आपा आमच्याकडे न बघता म्हणाल्या. "चादरीच्या वजनाने निम्मी मोडली. उरलेली गोठली."

कुंपणाच्या कडेला बघायची हिंमत होईना. सासूबाईंनी बघितलं. मग मीही बघितलं.

कुंपणालगत भांडी उपडी पडली होती. पातेली, कढई, सूपचे वाडगे, एक दूधभांडं, पुलाव करायची मोठी काळी देगसुद्धा. मोजली. बावीस.

"ही तुझी आजारी पोरं," रोझा आपा म्हणाल्या. "संध्याकाळी हवा फिरली तेव्हा म्हटलं, यांना काय लागतं, घाला एकेक भांडं. सकाळी उचललं आणि…" त्या उठल्या आणि जवळचं पातेलं उचललं.

खाली, खोक्यासकट जमिनीत रोवलेलं, गडद हिरवं, सुरकुतलेलं, दहा सेंटिमीटरचं रोप. आणि शेंड्याला एक पिवळं फूल.

सासूबाईंनी माझा दंड धरला. आधारासाठी की दुसऱ्या कशासाठी, ते विचारायची ती वेळ नव्हती.

मग त्यांनी रोझा आपांना सगळं सांगितलं. तिखोन, उंदीर, बादल्या. रोझा आपांनी नीट ऐकून घेतलं.

"परत देता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहिताय," सासूबाई म्हणाल्या.

"का?" मी किंचाळलो.

दोघींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "एकदा दिलेलं रोप परत दिलं तर ते जगत नाही, बाळा. देणाऱ्याचंही नाही, घेणाऱ्याचंही नाही. तुला घरी काही शिकवलंय की नाही?"

संपलं, मी मनात म्हटलं. चौदा उन्हाळे, उंदीर, आयोडीन, उणे तीन, एवढ्यातून वाचलेला टोमॅटो आता रीतीने मरणार. दोघी बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. एकीची बाग काळी पडली होती, दुसरीची अजून लागलीच नव्हती.

"चोरलेलं मात्र लागतं," रोझा आपा सावकाश म्हणाल्या.

"चोरलेलं सगळ्यात चांगलं लागतं," सासूबाई म्हणाल्या.

"मी चहा टाकते. माझी किटली फार सावकाश उकळते. चुलीकडे तोंड केलं की माझी खिडकीकडे पाठ होते." त्या पायरीवर थांबल्या. "आणि मला अकरापर्यंतच मोजता येतं. वाफ्यात अकरा दिसली की मी समजते, सगळी आहेत."

दार लागलं.

"बस खाली," सासूबाई कुजबुजल्या. "खोकं हलवून काढ, ओढू नकोस. वाकून जा, चोरासारखा!"

"त्यांना माहीत आहे की!"

"तरी वाकून! नीट नाही चोरलं तर लागणार नाही!"

मी वाकलो. सरकारी नोकर, वय सत्तावीस, दिवसाढवळ्या, गुडघाभर चिखलात. सासूबाई कुबडीने रोप दाखवत होत्या: हे, ते नाही, ते. त्या निवडत होत्या, पण मला दिसत होतं, चांगल्यात चांगली त्या रोझा आपांसाठी ठेवत होत्या. सातव्या रोपाला कुंपणावर शेजारच्या बागेतल्या म्हाताऱ्याचं डोकं उगवलं. तोच, बसमधला.

"काय चाललंय?"

मी रोप पाठीमागे लपवलं.

"चोरी," सासूबाई म्हणाल्या.

"असं होय," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, परत बिरत नेताय की काय." आणि डोकं मावळलं.

अकरा झाली. पिशवी भरली, रिकाम्या खड्ड्यांवर माती ओढली, आणि आम्ही बाकावर जाऊन आधीपासूनच बसल्यासारखे बसलो. माझे हात कोपरापर्यंत काळे होते आणि छाती धडधडत होती. पट्टीने मोजता आली असती.

रोझा आपा तीन कप घेऊन बाहेर आल्या. वाफ्याकडे बघून त्यांनी छातीवर हात मारून घेतला. "अगं बाई, कापितोलिना! चोरी झाली की गं माझ्याकडे!"

"काय सांगतेस! कोण असेल?"

"कोण जाणे. हल्ली कुणाचा भरवसा राहिलेला नाही."

"अगदी खरं," सासूबाई म्हणाल्या आणि चहात साखर ढवळली.

निघताना सासूबाईंच्या पिशवीतून एक सुरकुतलेलं पान बाहेर आलं होतं. रोझा आपा वाकल्या, बोटाने ते हळूच आत सारलं, पिशवीच्या तोंडाला स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल बांधला आणि मला म्हणाल्या, "बसमध्ये मांडीवर धर रे, बाळा. आणि विचारलं कुणी, तर सरळ सांग, चोरलीत म्हणून. पुन्हा खोटं बोलू नकोस."